४८ वाघिणी

सांगली, ३ जानेवारी २०२६

प्रिय चिऊ,

तुझ्या विद्यापीठाच्या अर्जातलं स्टेटमेंट (स्वतःबद्दलचं निवेदन) मैत्रिणीने उतरवून घेतलं, म्हणून काल फोनवर तू रडत होतीस आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून नुसतं "हो का, बरं, बघू" म्हणत होतो. आत आजीच्या डोळ्यात ऑपरेशनआधीचे थेंब घालत होते, नर्सबाई मला हाका मारत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला काही सुचतही नव्हतं. म्हणून आज रात्री वही घेऊन बसलोय. पानांचे फोटो पाठवतो. शनिवारच्या मराठी शाळेत तुला इतकी वर्षं ओढत नेलं, ते आज कामी येऊ दे. जोडाक्षर अडलं तर आईला विचार. फक्त तिच्याबद्दल लिहिलेला परिच्छेद तेवढा तिच्यासमोर धरू नकोस.

आधी माझी चूक. ऑक्टोबरमध्ये तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "बाबा, तिने माझं स्टेटमेंट मागितलंय, नुसतं बघायला. देऊ?" मी चहा गाळत होतो. म्हणालो, "अगं दे की! मैत्रिणीला काय नाही म्हणायचं?" तुला द्यायचं नव्हतं. द्यायचं असतं तर तू विचारलंच नसतंस, सरळ पाठवून मोकळी झाली असतीस. हे मला काल त्या जिन्यात कळलं.

मी तसं का म्हणालो, तेही ऐक. आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर 'जीटी मारणे' हा मोठा उद्योग होता. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची (काच कुठून आली हे विचारायचं नाही, मेसच्या एका खिडकीला वर्षभर पुठ्ठा होता), खाली टेबल लॅम्प, काचेवर ज्याने ड्रॉइंग काढलंय त्याचं शीट आणि त्यावर आपलं कोरं. खालच्या रेषा वर उमटतात, आपण गिरवत सुटायचं. एका रात्रीत अख्खा मजला सबमिशनला तयार. शीट न देणारा मुलगा म्हणजे आमच्या लेखी माणसात जमा नाही. मी कायम देणाऱ्यांतला होतो आणि त्याचा मला माजही होता.

एकदा माझं एक शीट अकरा जणांनी मारलं. त्यात मी एका भोकाचा व्यास चुकवला होता. झालं, अकराच्या अकरा शीटांवर तेच चुकलेलं भोक. सरांनी बारा शीटं टेबलावर घेतली, एकेक उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि माझं अचूक बाजूला काढलं. ज्याने स्वतः काढलंय त्याच्या कागदावर खोडलेल्या रेषा असतात. खोडरबराने शिसं जातं, पेन्सिलीची खोच कागदात राहते. गिरवणाऱ्याला चुकायची गरजच पडलेली नसते, त्याचा कागद गुळगुळीत. एवढं करून सरांनी मलाही ते शीट परत काढायला लावलं. का, तर मी दिलं म्हणून. मी आठवडाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो.

पण ते बेअरिंगचं ड्रॉइंग होतं गं. साठ पोरांनी काढलं तरी बेअरिंग तेच निघणार. तुझ्या स्टेटमेंटमध्ये तुझे आजोबा आहेत.

ते पान मी आज पुन्हा वाचलं. २०१६ च्या मे महिन्याच्या शेवटी आपण लग्नाला आलो होतो, तेव्हा लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. एप्रिलमध्ये पहिली गाडी गेली तेव्हा १० वाघिणींत, म्हणजे टाकीच्या डब्यांत, ५ लाख लिटर पाणी होतं. मग गाडी वाढून ५० वाघिणींची झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर जायला लागलं. आजोबा तुला स्कूटरवर पुढे उभी करून ती गाडी दाखवायला मिरजेला घेऊन गेले. तू ४८ मोजल्यास. आजोबा म्हणाले ५०. त्यावरून तू येताना स्कूटरवर भांडलीस, घरी येऊन आमरस बाजूला सारलास आणि रात्री मला विचारलंस, "बाबा, दोन वाघिणी पाणी गेलं कुठे?" स्टेटमेंटमधल्या पहिल्या प्रश्नाचं तुझं उत्तर तिथून सुरू होतं, आणि मग ते हळूच धरणं, कालवे, गळती, टेंभू, म्हैसाळ असं करत सिव्हिल इंजिनिअरिंगपर्यंत येतं. मी बाप आहे म्हणून म्हणत नाही, पण चांगलं लिहिलंयस.

आता तिचं. तू पाठवलेली पीडीएफ मी दोनदा वाचली. पहिल्यांदा संताप आला. मिरजेच्या जागी इंग्लंडमधलं लेडीबॉवर धरण, पाण्याच्या गाडीच्या जागी आटलेल्या धरणातल्या भिंती. तिने सात मोजल्या, तिचे आजोबा म्हणाले नऊ, आणि मग "राहिलेल्या कुठे गेल्या?" हे तुझंच वाक्य, शब्दाला शब्द. पुढचे दोन परिच्छेदही तसेच, फक्त नामं बदललेली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मला हसू आलं. २०१८ च्या त्या कोरड्या उन्हाळ्यानंतर लेडीबॉवर खाली गेलं आणि बुडालेल्या डरवेंट गावाचे अवशेष उघडे पडले, ते बघायला तुम्हा दोघींना गाडीतून कोण घेऊन गेलं होतं? मी. तिचे आजोबा तेव्हा वेल्समध्ये त्यांच्या घरी होते. म्हणजे त्या अर्जातला आजोबा मी आहे!

पण यातली एक गोष्ट नीट बघ. ती त्या दिवशी खरंच तिथे होती. चिखलात बूट रुतवून त्या दगडांकडे किती वेळ बघत उभी होती, मला आठवतंय. परतताना तिने विचारलं, या गावातल्या माणसांना पैसे मिळाले का? तू विचारलं नव्हतंस. तू सँडविच खात होतीस. पुढे भूगोल शिकायला निघालेल्या मुलीकडे एवढा स्वतःचा प्रश्न पडून असताना तिने तुझा घेतला. मला वाटतं तिला भीती वाटली असणार, की आपलं आहे ते साधंच आहे. तिने केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. "हा मजकूर माझाच आहे, कुठून उतरवलेला नाही" अशी खूण अर्जात करावी लागते, ती तिनेही केलीच असणार.

यूकासकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे अर्ज जिच्याकडे जातात त्या संस्थेकडे, या गोष्टी पकडायची व्यवस्था आहे, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. आलेलं प्रत्येक स्टेटमेंट आधी आलेल्यांच्या साठ्याशी ताडून बघतात. "ड्यूक ऑफ एडिनबरा" (तो मुलांना मिळणारा पुरस्कार) सारखे सगळ्यांच्याच अर्जात असणारे शब्द सोडून देतात, पण साम्य फार निघालं तर माणसं बसून वाचतात, आणि मग मुलाला ईमेल जातो आणि त्याने निवडलेल्या विद्यापीठांनाही कळवतात. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. २००७ साली त्यांनी असे ५० हजार अर्ज तपासले, तेव्हा २३४ मुलांनी लिहिलं होतं की आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं आणि तिथून केमिस्ट्रीची गोडी लागली. २३४ पायजमे! एका पोराचा खरंच जळला असेल बिचाऱ्याचा.

त्याच बिचाऱ्यासारखी तुझी गत होऊ नये म्हणून हे पत्र. ताडून बघणाऱ्या यंत्राला कोणी आधी लिहिलं ते कळत नाही, कोणाचं आधी पोचलं एवढंच कळतं. तिने ३१ तारखेला "झालं एकदाचं!" म्हणत शाळेकडे धाडून दिलं, आणि तू अजून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात स्वल्पविराम हलवत बसली आहेस. आता शाळेने रेफरन्स (शिफारस) जोडून तिचा अर्ज पुढे पाठवला, की चोरटी तू ठरशील. शिवाय तुमच्या पाचांतली तीन विद्यापीठं सारखी आहेत.

तुझी आई म्हणते, भांडण नको, वेळ नाही, तू हुशार आहेस, चार दिवसांत दुसरं लिहून टाक. आईचं मन शांततेकडे धावतं आणि बहुतेक वेळा तीच बरोबर असते. या वेळी नाही. ४००० अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून, तू ऑगस्टपासून घासते आहेस. आणि आजोबा गेल्यावर स्मशानातून आल्यावरसुद्धा तू त्या दोन वाघिणींबद्दलच बोलत होतीस. ते सोडून तू काय लिहिणार, पायजम्याबद्दल? तू एक ओळसुद्धा बदलायची नाहीस.

उद्या रविवार. तिला फोन करून बोलाव, नाहीतर तिच्या घरी जा. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं अक्षर लिहू नकोस, आणि ग्रुपवर तर नाहीच. समोर बसून सांग की मी वाचलं, हे माझं आहे, मी सोमवारी टीचरना सांगणार आहे, त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर मला बरं वाटेल. ती रडेल. कदाचित म्हणेल, तूच तर दिलंस. तेव्हा "हो, दिलं" म्हण. माझ्या बाबांनी द्यायला सांगितलं, असंही सांगून टाक, माझी हरकत नाही. पण "असू दे मग" म्हणून परत येऊ नकोस. तुझा तो शब्द मला माहीत आहे, तो माझ्याकडूनच आलाय.

सोमवारी शाळा उघडल्या उघडल्या टीचरकडे जा, ती आली तर तिच्यासोबत, नाहीतर एकटी. तिचा अर्ज अजून शाळेकडेच असेल तर तो दुरुस्तीला परत देता येतो. एकदा यूकासकडे गेला की स्टेटमेंटला हात लावता येत नाही, म्हणून ही घाई. लॅपटॉप बरोबर ने. तुझ्या गुगल डॉकमधली जुनी रूपं उघडून दाखव: ऑगस्टमधलं ते "पाणी हे जीवन आहे"वालं भयंकर पहिलं वाक्य, सप्टेंबरमध्ये खोडलेला आईच्या नोकरीचा परिच्छेद, ४८ चे मध्येच केलेले ५० आणि परत ४८. तुला लाज वाटेल. तरी सगळं दाखव, सर उजेडाकडे धरायचे तसं. ते झालं की त्याच दिवशी तुझा अर्ज शाळेकडे पाठव. १४ तारखेच्या संध्याकाळी ६ पर्यंत मुदत आहे म्हणून ताणत बसू नकोस.

आणि हो, तिचं नवं स्टेटमेंट तू लिहून द्यायचं नाहीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, मंगळवारी रात्री तिच्याशेजारी बसून टाइप करत असशील. फार तर एवढंच कर: परतीच्या गाडीत तिने काय विचारलं होतं, त्याची तिला आठवण दे. ती विसरली असेल. मग तिचं तिला लिहू दे.

मैत्री राहील का, असं तू काल तीनदा विचारलंस. मला सांगता येत नाही. ज्या अकरा जणांनी माझं शीट मारलं, त्यातल्या दोघांशी आजही बोलतो, बाकीच्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. त्या दोघांतला एक परवा भेटला तर पहिलं वाक्य त्या भोकाबद्दलच बोलला. सध्या तुला तिचा राग आलाय, तो येऊ दे. तिच्याकडे तुझा निळा स्वेटर आहे, तो मात्र या आठवड्यात परत मागू नकोस.

आजीची पट्टी आज सकाळी काढली. पहिल्यांदा तिने मला बघून "केवढे केस पिकले रे तुझे" असं म्हटलं. दुपारी तिने तुझ्या मैत्रिणीची चौकशी केली: "ती आमटी नुसती वाटीने पिणारी पोरगी बरी आहे का?" मी म्हटलं, बरी आहे.

मी ११ तारखेला पोचतो. बाकी भेटीअंती.

तुझा,
बाबा

ता. क. आजीला त्या वाघिणींचं विचारलं. ती म्हणाली, "ह्यांनी कुठले मोजलेत! फाटकापाशी कोणी ओळखीचा भेटला, त्याच्याशी गप्पा मारत उभे होते. ५० चा आकडा सकाळी पेपरात वाचला होता."