कासच्या तळ्यातली ती कमळं नव्हेत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत कासच्या कुमुदिनी तळ्याचा सुरेख फोटो आला, पण खाली ‘तळ्यात फुललेली कमळे’ असं छापलं आहे. फोटोतल्या पानांना कडेपासून देठापर्यंत चीर स्पष्ट दिसते. कमळाच्या पानाला चीर नसतेच. त्याचा देठ खालून बरोबर मधोमध जोडलेला असतो आणि पाण्याचा थेंब पानावर ठरत नाही.

चीर दिसली की कमळ बाद. मग उरतात वॉटर लिली आणि कुमुदिनी (शास्त्रीय नाव निम्फॉइडिस). वॉटर लिलीला पाकळ्या पुष्कळ, आणि प्रत्येक फूल चिखलातल्या कंदापासून स्वतंत्र देठावर वर येतं. कासच्या कुमुदिनीला पांढऱ्या, बहुधा पाचच पाकळ्या, त्यांवर केसांची दाट झालर आणि मध्यभाग पिवळा. फुलांचा झुपका पानाच्या अगदी बुडाशीच निघतो. फक्त वरून काढलेल्या फोटोत नेमकं हेच दिसत नाही, म्हणून एक फोटो बाजूने, पाण्याच्या पातळीवरून हवाच. फूल एका दिवसाचं, सकाळी उमलणारं. दुपारी उशिरा पोचणाऱ्याला मिटलेल्या कळ्याच दिसतात आणि ‘यंदा बहर नाही’ अशी बातमी होते!

पाटण, शिराळ्याकडच्या भातखाचरांत गोंधळ वेगळा. निळीजांभळी फुलं दिसली की ‘जलपर्णी शिरली’ अशी ओरड होते. बऱ्याचदा ती असते तिचीच भाऊबंद मोनोकोरिया, भातातलं एक तण. जलपर्णीची खूण म्हणून नुसत्या फुगलेल्या देठावर विसंबू नये, कारण चिखलात रुजलेल्या किंवा दाटीत वाढलेल्या जलपर्णीचेही देठ सडपातळ राहतात. फूल पाहावं. जलपर्णीच्या वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा डाग असतो, मोनोकोरियाला तो नाही. तिची फुलं बरीच लहान, आणि घोस पानाच्या देठाच्या कुशीतूनच फुटल्यासारखा दिसतो. कोवळेपणी तिची पानं अरुंद, भाताच्या रोपाशी मिसळून जाणारी, त्यामुळे पहिल्या भांगलणीत ती सुटते. पुढे फळं धरली की घोस खाली वाकतो आणि बी त्याच चिखलात पडतं. उपटायची ती फुलोऱ्याआधीच. जलपर्णीचा मात्र धुमाऱ्याचा तुकडा जरी मागे राहिला तरी ती पुन्हा पसरते.

महाविद्यालयांत नमुने गोळा करणाऱ्यांसाठी थोडंसं. (कासला तोडायचं नाही, आपल्या ओळखीच्या शिवारातच.) बांधावरची सीतेची आसवं ही इवलीशी कीटकभक्षी वनस्पती नुसती उपटली तर कीटक पकडणाऱ्या बारीक पिशव्या मातीतच तुटून राहतात. बोटभर मातीसह ढेकूळ काढून परातीत पाण्याखाली सोडवावं. लवलवीत पाणवनस्पती बाहेर काढताच गोळा होऊन चिकटतात. परातीत तरंगत ठेवून खालून जाड कागद सरकवावा आणि अलगद उचलावा. कुमुदिनीचं फूल वाळवण्यासाठी कागदात दाबलं की लगदा होतो, ते 70 टक्के अल्कोहोलच्या कुपीत वेगळं ठेवावं. फुलाचा रंग, पाण्याची खोली आणि वेळ जागेवरच चिठ्ठीवर लिहावी, वाळल्यावर रंग उरत नाही.

पुरवणीत यापुढे फुलाशेजारी पानाचाही एक लहानसा फोटो छापावा, ही विनंती.

— वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक, सातारा