कुष्ठ नाही, एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुष्ठरुग्ण शोधमोहिमेची बातमी आपल्या अंकात वाचली. आमच्याकडेही आशाताई येऊन गेल्या. माझ्या अंगावर गाठी आहेत. मला डोळे मिटायला सांगून त्यांनी बॉलपेनचं टोक पाठीवर ठिकठिकाणी टेकवलं. कमरेच्या गाठीवर टेकलं तशी मी कळवळून उठले. कुष्ठाच्या चट्ट्याला सहसा बधिरपणा असतो, माझ्या गाठींना मात्र नको तेवढं समजतं. ‘संशयित नाही’ असं वहीत लिहून ताई पुढच्या घरी गेल्या. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. पण माझ्यासारखीला पुढे कुठे पाठवायचं, याचा रकानाच वहीत नव्हता.

मला न्यूरोफायब्रोमॅटोसिस आहे. नागपूरला मेडिकलमध्ये निदान झालं. एका जनुकातल्या बिघाडाने नसांवर गाठी येतात. साधारण 3000 जन्मांत एकाला हा आजार असतो. तो कोणाला लागत नाही हे सांगून जीभ झिजली, तरी पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहते. (आनंदवन शेजारच्या जिल्ह्यात असून ही गत!)

कापूस वेचताना ओटी भरत जाते तशी कमरेची गाठ काचते आणि मांडीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत चमक निघते. मग अर्धी ओटीच रिती करून यावं लागतं. मजुरी किलोवर. सासूबाई म्हणतात, ‘तुहे नाटकंच लय.’ दिसत नाही ते नाटकच!

ग्रामीण रुग्णालयात डायक्लोफेनॅकची सुई मिळते. नसेच्या दुखण्याला ती फारशी लागू पडत नाही. प्रेगाबालिनने निदान रात्री डोळा लागतो, पण ती गोळी बाहेरून विकत आणावी लागते. वर ‘कॅन्सर नाही ना, मग कशाला घाबरता?’ हे ऐकायचं. बहुतेक गाठी साध्याच असतात, मान्य. पण एखादी भराभर वाढली, टणक झाली, तिचं दुखणं बदललं, तर लगेच तपासावी लागते, कारण काहींच्या गाठीचा कॅन्सर होतो. दुखण्याची कुठे नोंदच नसेल, तर ते बदललं हे ओळखणार कोण?

आरोग्य विभागाने पुढच्या फेरीत कुष्ठ नसलेल्या पण अंगावर गाठी असलेल्यांना जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. लेकरांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग दिसले, तर त्यांनाही. आईला हा आजार असला की लेकराला होण्याची शक्यता निम्मी असते, आणि माझ्या लेकीच्या पाठीवर तसे डाग आहेत. तिचे डोळेही दरवर्षी तपासायला हवेत. आणि प्रेगाबालिन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावी, म्हणजे मजुरी बुडवून शहर गाठावं लागणार नाही.

– एक वाचक (नाव छापू नये), ता. घाटंजी, जि. यवतमाळ