पंचवीसचे बावन्न

चि. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस हलता हलता दारात उभी राहून सांगितलंस, ‘अण्णा, राजीनामा दिलाय.’ आणि मी काय बोललो? ‘मग घराचा हप्ता?’ घरी येईपर्यंत जीभ टोचत राहिली. आता हप्त्याचं काढणार नाही.

एका वेळी एकच कच्चं पोर घेऊन बसणार म्हणतेस. मला ते कळतं गं. आमच्या वर्गात साठ पोरं. अशोक चौकातला तो तुला आठवणार नाही, तू बालवाडीत होतीस. ‘पंचवीस’ म्हटलं की ५२ लिहायचा, ‘सदतीस’ म्हटलं की ७३. मी छड्या दिल्या, तरी ५२. तीन दिवस आला नाही म्हणून घरी गेलो. आई विड्या वळत बसलेली आणि हा शेजारी कट्टे मोजतोय, तेलुगूत, न चुकता. ‘इरवै ऐदु.’ वीस आधी, पाच नंतर. मराठीत आपण पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी. पोरगं ऐकलं तसं लिहीत होतं. हातावरचे वळ अजून गेले नव्हते त्याच्या.

मग मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसलो. काडेपेटीच्या काड्या, दहाचे गठ्ठे. आधी गठ्ठे लिही, मग सुट्या. आठवड्यात जमलं. २०१९ला गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आणलं, तेव्हा पार्कवर सगळ्यांनी टर उडवली. मला हसू आलं नाही. ते पोरगं सातवीनंतर यंत्रमागावर लागलं. अपूर्णांकाला त्याच्याजवळ बसायला मला वेळ नव्हता.

तर पहिले दोन दिवस पुस्तक उघडू नकोस. पोर भागाकाराला अडलं म्हणून आलं तरी पाढे, वजाबाकी, हातचा, असं खाली खाली जाऊन बघ. आईबापांदेखत चुका काढू नकोस. वाचताना-लिहिताना अक्षरांचा घोळ सरावानंही सुटत नसेल तर नुसते कित्ते गिरवून घेऊ नकोस, रीतसर तपासणी करायला लाव. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग कायद्यात आहे, दाखला असला तर दहावीला जादा वेळ मिळतो. आणि फी महिन्याच्या सुरुवातीलाच घे, कारण पाच तारखेला तुझा... बघ, आलो परत तिथंच. चौदा वर्षं शिकवतेस, तुला हे सगळं सांगणारा मी कोण. रागावू नकोस.

नंदूचं तसं झाल्यापासून पैशाचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो, तुला ठाऊक आहे. तरी दुपारीच समोरच्या काकांना सांगून आलो, ‘आमची माधुरी आता कच्च्या पोरांना एकेकटं घेऊन बसणार.’ ते म्हणाले, ‘म्हणजे शिकवणी.’ म्हटलं, शिकवणीत पुढचा धडा घेतात, ही मागचा घेणार. त्यांना काही पटलं नाही.

आई म्हणते, गड्ड्याच्या जत्रेला ये. चार दिवस राहा.

तुझे
अण्णा

ता. क. शेंगाचटणीचा डबा फ्रिजवरच राहिला. परवा शरदरावांबरोबर पाठवतो. चटणीच्या पिशवीखाली एक पाकीट आहे, आईजवळ बोलू नकोस. पाच तारखेच्या आत मिळेल.