जुन्या पिस्तुलावरचे साल कसे वाचावे?

महोदय,
जुन्या बाजारात किंवा वाड्याच्या माळ्यावर ठासणीचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायचे, पिस्तूल सापडले, की त्यावर कोरलेले साल वाचून लोक वय ठरवतात. ही घाई नडते. आधी नळीत लाकडी काडी आत टेकेपर्यंत घाला, तोंडापाशी खूण करा आणि तीच काडी नळीला बाहेरून लावून बघा. टोक रंजकाच्या छिद्रापर्यंत (नळीच्या मागच्या बाजूच्या, दारू पेटवायच्या भोकापर्यंत) न पोचता अलीकडेच थांबत असेल तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, शिल्लक असू शकतो. पुढे हात लावू नका.

मग चापाची पट्टी, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा जिच्यावर बसवलेली असते ती बाजूची धातूची पट्टी, बघा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर आधी हृदयाकृती चिन्ह असे, १८०८ च्या सुमारास उभा सिंह आला. पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोके दिसली, तर चकमकीच्या ठिणगीवर चालणारा चाप पुढे टोपीचा (स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीवर चालणारा) केलेला असावा. म्हणजे साल चापाचे, रूप नंतरचे!

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची चाचणी-मोहोर, म्हणजे नळी तपासून पास केल्याचा ठसा, नळीवर, कधी दस्त्याच्या लाकडाआड दडलेली असते. १८१३ पासून मुकुटासह फुलीतले राजदंड, १९०४ नंतर मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ ही इंग्रजी अक्षरे. नकली मालावर अक्षरे उथळ आणि वेडीवाकडी असतात.

आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासू नका. खुणा पुसट होतात. वस्तू दुरुस्तीनेही चालण्याजोगी असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यातली पुराणवस्तूंची सूट मिळत नाही.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे