आईचा शाळीग्राम

नाशिक,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहायला फार उशीर झाला आहे आणि त्याबद्दल तू मला मनातल्या मनात जे काही बोलला असशील, ते सर्व मला मान्य आहे. प्रकृती ठीक, गुडघे आहेत तसेच, साखर आटोक्यात. आता मुद्द्यावर येतो, कारण हा प्रश्न तुझ्याखेरीज आणखी कोणापुढे मांडला तर तो मला एक तर नास्तिक ठरवील, नाही तर भोळसट.

आईच्या संपुष्टातला शाळीग्राम गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडून द्यावा, असे धाकट्या भावाने तुळशीच्या लग्नात सर्वांसमक्ष जाहीर केले. नित्यपूजा होत नसेल तर शाळीग्राम घरात ठेवू नये, हे आईच सांगत असे. तेव्हा त्याचे म्हणणे गैर आहे असे म्हणवत नाही. त्याच्याच मुलीने पदवीला भूशास्त्र घेतले आहे आणि तिला तो मधोमध कापून पाहायचा आहे. कॉलेजात असताना करवत घेऊन आमच्या देवघरात शिरलेला एक इसम तुला आठवत असेल. त्या संक्रांतीला आईने त्याला तिळगूळ दिला नव्हता, हेही आठवत असेल.

काल मी तो ताम्हनात ठेवून भिंगातून सावकाश पाहिला. एका बाजूचा टवका उडालेला आहे. तिथे वेटोळे उघडे पडले असून बाहेरच्या वळणावर कंगोरे आहेत, आणि आतल्या वळणांवर जिथे कवच झिजले आहे तिथे कप्प्यांच्या पडद्यांच्या कडा कोथिंबिरीच्या पानासारख्या कातरलेल्या दिसतात. शाळीग्राम म्हणजे अमोनाइट या नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म. प्राणी राहायचा तो फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. मागचे कप्पे वायूने भरलेले, पाण्यात तरंगण्यासाठी. एवढे आपल्याला तेव्हाही ठाऊक होते.

ज्या थरातून काढला त्याची नोंद नसेल तर जीवाश्म निम्मा मुका, हे तुझे पालुपद. त्यावरून पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर आपण किती भांडलो! आमचा शाळीग्राम आजोबांनी नेपाळातल्या मुक्तिनाथहून आणला की कोणा यात्रेकरूकडून घेतला, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही, म्हणजे तुझ्या हिशेबाने तो मुकाच. पण त्या कातरलेल्या कडा बोलतात, श्रीकांत. अमोनाइटांच्या कुळाची सुरुवात सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीची. जुन्या गोनिअटाइटांत या कडा साध्या नागमोडी असत, ट्रायासिक काळातल्या सेराटाइटांत त्यांची एक बाजू दातेरी झाली, आणि पुढे जुरासिक व क्रिटेशियस काळात त्या संपूर्ण कातरल्या गेल्या. थराची चिठ्ठी हरवली तरी आमचा दगड या रांगेत कुठे उभा राहतो ते त्याच्या अंगावरच लिहिलेले आहे. शिवाय तो समुद्रातला प्राणी असून काली गंडकीच्या खोऱ्यातून येतो, म्हणजे हिमालयाच्या जागी एके काळी टेथिस समुद्र होता, ही साक्षही तो देतोच.

एक गंमत सांगतो, पण धाकट्याला कळवू नकोस. मोठी आणि छोटी अमोनाइटे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदली जात होती. 1962–63 च्या सुमारास माकोव्स्की आणि कॅलोमन या अभ्यासकांनी दाखवले की अशा अनेक जोड्या म्हणजे एकाच जातीचे नर आणि मादी आहेत, आणि मोठे कवच बहुधा मादीचे. आमचा नग चांगला मुठीएवढा आहे. तुळशीचे लग्न इतकी वर्षे आपण कोणाशी लावत होतो, हा विचार तूच कर.

आता खरी चिंता. रामकुंडात तो सोडला तर तो बेसाल्टच्या गोट्यांत जाऊन पडणार. ब्रह्मगिरी आणि पांडवलेण्यांचा डोंगर ज्या लाव्ह्याचा बनला, त्याचे मोठे उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि जगातली अमोनाइटे नामशेष झाली तीही त्याच सुमारास. त्यात लाव्ह्याचा वाटा किती आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कोसळलेल्या अशनीचा किती, यावर तुम्ही लोक खुशाल भांडा. मला त्यातले एवढेच पटले आहे की अमोनाइटांची पिल्ले जेमतेम मिलिमीटरभराची, वरच्या पाण्यात प्लवकांसोबत वाहत जाणारी होती, आणि तो थरच उद्ध्वस्त झाल्यावर ती उपाशी मेली. त्यांचा आजही जिवंत असलेला नातलग नॉटिलस मात्र मोठी अंडी घालतो आणि त्याचे पिल्लू इंचभराचे निघते, म्हणून तो बहुधा तगला. ते मिलिमीटरभराचे बाळकवच आमच्या शाळीग्रामाच्या अगदी मध्याशी अजून असेल, कारण हा प्राणी आपले बालपण टाकून देत नाही, त्याच्याभोवतीच वाढत जातो. पुतणीला तेच पाहायचे आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही.

पण करवत लावायला हात धजत नाही. 2011 साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रात, बॅक्युलाइटिस नावाच्या अमोनाइटाचे जीवाश्म न फोडता तपासले, तेव्हा त्यांच्या जबड्यातली दातांची पट्टी आणि तोंडातले सूक्ष्म भक्ष्यही दिसले. आपल्याकडे तसे काही कोणी करून देईल का? तुझी इतकी वर्षे भूशास्त्राच्या खात्यात गेली. एखादा विद्यार्थी सूक्ष्म सीटी स्कॅनच्या यंत्रापाशी नक्की बसलेला असेल.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले, बरे वाटले. नातीला आशीर्वाद. पुण्यातला नवा फ्लॅट कितव्या मजल्यावर, ते कळव.

धाकट्याला मार्गशीर्ष संपेपर्यंत कसेबसे थोपवले आहे. त्याच्या आत ये किंवा त्या विद्यार्थ्याचा फोन नंबर पाठव; आलास तर करवत घरीच ठेव.

तुझा,
वसंता