काकाजी, टेपचं टोक तुम्ही माझ्या हातात दिलंत

आदरणीय काकाजी,
सा. न. वि. वि.

वाटणीपत्राची नोंदणी होऊन आज अकरा दिवस झाले. फोन लावला की गळा भरून येतो, म्हणून लिहिते. चारचौघांनी वाचावं असंच लिहिते, तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते लोकांना कळू दे.

नागपुरातल्या महाल भागातलं घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. बाबा गेले, मागोमाग आईही गेली. मृत्युपत्र कुणीच केलं नव्हतं. आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी. सहा वर्षं नुसती धुसफूस. या काळात किती जणांचे उंबरे झिजवले! एका वकिलांनी माझ्याकडे न बघताच दादाला सांगितलं, "राहत्या घराची वाटणी बहिणींना मागताच येत नाही." नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, "चोळीबांगडी घे अन् सही करून टाक, माहेर तरी राहील." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. माहेर टिकवायची किंमत दर वेळी मुलीनेच का मोजायची? त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही, काकाजी.

तुम्हाला दादाने बोलावलं होतं. भूमापन खात्यात उभी हयात गेलेला माणूस, बाबांचा जुना स्नेही. मला वाटलं, तुम्हीही दादाचीच बाजू घेणार. पण चहा येईपर्यंत तुम्ही सगळ्यांसमोर शांतपणे सांगून टाकलंत. वडिलांच्या स्वकमाईत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. राहतं घर भाऊ वाटायला काढत नाहीत तोवर बहिणींनी वाटणी मागायची नाही, असं कलम २३ त्यात होतं खरं, पण २००५ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलगी जन्मापासून हिस्सेदार झाली. त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. म्हणजे त्या वकिलांनी आम्हाला रद्द झालेलं कलम ऐकवलं होतं आणि त्यापायी आमची सहा वर्षं गेली.

"चला, आधी मोजू या," म्हणून तुम्ही पिशवीतून टेप काढलीत. लहान भाऊ पुढे झाला, दादाही उठला. मी सवयीने स्वयंपाकघराच्या दारात उभी. तुम्ही त्या दोघांना ओलांडून माझ्यापर्यंत आलात. "शून्याकडचं टोक तुम्ही धरा न ताई. भिंतीला अगदी टेकवून."

मी खाली बसले आणि टोक भिंतीला टेकवलं. त्याच भिंतीवर आई आमच्या उंचीच्या रेघा ओढायची. चुन्याखालून एक-दोन अजून दिसतात. पलीकडचं टोक दादाच्या हातात होतं. "ताण द्या, पण ओढू नका," तुम्ही त्याला म्हणालात. साडेएकवीस फूट भरलं. "बरोबर न, ताई?" असं विचारलंत आणि मी हो म्हणेपर्यंत आकडा कागदावर लिहिला नाहीत. असं प्रत्येक खोलीत. त्या घरात माझ्या "हो"ची वाट पाहणारे तुम्ही पहिले.

पुढचे कागद, फेऱ्या, सह्या, ते झालं सगळं. लहान बहीण अमरावतीहून आली आणि तिने आपला हिस्सा दादासाठी सोडला. पण तुम्ही तिला दोन दिवस विचार करायला लावलंत, मगच. मी माझा सोडला नाही. परसाकडच्या दोन खोल्या माझ्या नावावर झाल्या, आणि दादाने स्वतः त्यांची किल्ली आणून दिली.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघून तुम्ही बाहेर कुठे चर्चाही केली नाहीत. अशी माणसं शेजारात, नात्यात असली की घरं मोडता मोडता वाचतात. बाबा तुमच्याबद्दल इतक्या आदराने का बोलायचे, ते मला आत्ता कळलं.

तुमची टेप आमच्याकडेच राहिली आहे. दादा म्हणतो, नंदनवनला तुमच्या घरी आणून देतो. मी त्याला नको म्हटलंय. रविवारी तुम्हीच या, काकूंनाही आणा. वहिनी सांभारवडी करणार आहे आणि आम्ही चौघेही घरी असू.

तुमची,
मोठी ताई