खटक्याचा चाकू ट्रेकला कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

खटक्याचा चाकू, म्हणजे बटन दाबलं की स्प्रिंगने उघडणारा, पेपरात येतो तो फक्त गुन्ह्याच्या बातमीत. सापळा लावला, हत्यार कायद्याचं कलम 4/25 लावलं, टेबलावर मांडून फोटो काढला, विषय संपला. पण हेच चाकू ऑनलाईन कॅम्पिंगचा किंवा फळं कापायचा चाकू म्हणून मिळतात आणि साधी कॉलेजची पोरं ते मागवतात, कोणाला भोसकायला नाही हो, नुसतं खट्ट करून उघडायला, आणि त्यांच्या बोटांचं काय होतं हे कोणी लिहीत नाही.

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे, राजमाचीला जा नाहीतर हरिश्चंद्रगडाला, एखाद्याच्या सॅकमधून हा निघतोच. साध्या घडीच्या चाकूत स्प्रिंग पात्याला आत दाबून धरते, नखाने ओढल्याशिवाय तो उघडत नाही. खटक्याचं उलटं, बाजूने उघडणारा असेल तर स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि अडवून धरायला एक एवढीशी खुंटी, बटन दाबलं की ती सरकली. खिशात किल्ल्या असल्या, कुठे दगडावर टेकलात, तरी बटन दाबलं जाऊ शकतं. चांगल्या बनावटीत बऱ्याचदा सेफ्टीची पट्टी असते, स्वस्तातल्यात नसते नाहीतर लगेच ढिली होते.

आणि उघडल्यावरही भरवसा नाही, कारण पातं बऱ्याचदा त्याच खुंटीवर लॉक असतं. आमच्यातला एक जण चाकूच्या टोकाने पत्र्याचा डबा फोडायला गेला, लॉक सुटलं आणि पातं बोटावर मिटलं. रक्त फार नव्हतं म्हणून पट्टी बांधून पुढे जाऊ म्हणत होता, पण बोटाचं टोक वाकेचना. बोट वाकवणारी आतली दोरी, म्हणजे टेंडन, तुटलेली, थेट ऑपरेशन. कापल्यावर आधी दाबून रक्त थांबवा, मग बोट वाकतं का, टोकाला स्पर्श कळतो का, हे बघाच, रक्त कमी असलं तरी.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फिरत असतं की पातं 9 इंचाच्या आत असेल तर बिनधास्त ठेवा. हत्यार नियमात पात्याची 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदी ही मर्यादा आहे खरी, पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश लागला की चाकू बाळगणंच अंगाशी येतं. दिल्लीत तर 1980 पासून बटनदार चाकूचं पातं 7.62 सेंटीमीटरचं असलं तरी पकडतात आणि इंग्लंडने असे चाकू विकायलाच 1959 साली बंदी घातली.

2018 ला औरंगाबादमधे ऑनलाईन मागवलेल्या तलवारी, चाकू सापडले तेव्हा चार दिवस आरडाओरड झाली, पुढे काय? निदान पातं किती लांब, खटक्याचं आहे का, सेफ्टी आहे का एवढं तरी विकणाऱ्यांना ठळक लिहायला लावा, आणि वय विचारायला लावा. ट्रेकला म्यानातला छोटा चाकू पुरतो, कांदा-काकडीला तेवढंच लागतं.

- एक ट्रेकर, बदलापूर